वाकड्या काठ्यांची वाट

"समुद्र कायम डाव्या हाताला ठेवायचा, बस्स!" मामानं स्टिअरिंगवर थाप मारली. "बेट गोल आहे. समुद्र डावीकडे असला की माणूस चुकूच शकत नाही!"

"काल चुकलास की," मामी म्हणाली.

"काल ते धरण होतं. मला वाटलं समुद्र."

मागच्या सीटवर हशा पिकला. फटाकडी तर हसता हसता तंबूच्या गाठोड्यावरून खाली घसरली. ती मामा-मामींची मुलगी, दहा वर्षांची. तिची वात सकाळी पेटली की रात्री झोपेपर्यंत विझायची नाही. तिच्या शेजारी ताई, वय वर्षं तेरा. दोरी, शिट्टी, बॅटरी, चिकटपट्टी हे सगळं जिच्या पिशवीत असतं अशी ताई. आणि खिडकीला नाक लावून बसलेला तो ताईचा धाकटा भाऊ. त्याचं नाव फटाकडीनं गोगलगाय ठेवलं होतं, त्याचं लाडानं गोगल्या झालं. बूट घालायला बसला की एक बूट हातात धरून तो खिडकीबाहेर बघत राहायचा आणि दुसरा बूट घालायचा आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागायचं.

सुट्टीत मामाच्या गाडीतून बेटाला पूर्ण फेरी मारायची, वाटेत आवडेल तिथे तंबू ठोकायचा, असा बेत होता. गाडी पूर्वी एका बेकरीची होती. ऊन तापलं की तिच्या पत्र्यातून अजूनही ताज्या पावाचा वास यायचा आणि सगळ्यांना अवेळी भूक लागायची.

बेट मोठं होतं. रस्ता कधी कड्यांच्या कडेनं जायचा, तेव्हा पांढरे पक्षी खिडकीच्या खाली उडताना दिसायचे. कधी तो खाली उतरायचा आणि लाटांना अगदी बोट लावता येईल इतका जवळ जायचा. एका किनाऱ्यावर वाळूच नव्हती, नुसते काळे गोटे. लाट मागे सरली की ते सगळे एकदम कुजबुजायचे. गोगल्या तिथे इतका वेळ ऐकत बसला, की शेवटी मामीनं त्याला उचलूनच गाडीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना गाडी एका टेकाडावर चढली, आणि मामानं आपोआप ब्रेक दाबला.

"अरेच्चा! डाव्या हाताचा समुद्र कुठे गेला?"

खरंच नव्हता! ओहोटीनं सगळी खाडी रिकामी केली होती. दूरवर ओली वाळू पसरली होती आणि त्या वाळूत अख्खं आकाश उलटं पडलं होतं, ढगांसकट. पलीकडे एक छोटंसं बेट होतं. मोठ्या बेटाचं पिल्लूच जणू. त्यावर तीन-चार घरांची छपरं. आणि या किनाऱ्यापासून त्या पिल्लापर्यंत वाळूत उंच उंच काठ्यांची एक रांग गेली होती. रांग कसली? थोडी सरळ, मग एकदम उजवीकडे, मग मोठा वळसा घेऊन परत डावीकडे!

किनाऱ्याच्या उतारावर एक निळा ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत दुधाचे कॅन, पिठाची पोती आणि एक नवी कोरी बादली. एक काकू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून चहा पीत होत्या.

"काय हो, या काठ्या कोणी रोवल्यात?" मामानं खाली उतरत विचारलं. "झोपेत रोवल्यासारख्या दिसतात!"

"मी रोवल्यात," काकू म्हणाल्या. "आणि चांगली जागी होते!"

मामाचे कान लाल झाले. मुलं खूश!

"वाकड्या आहेत म्हणून तर मी अजून शाबूत आहे," काकू हसून म्हणाल्या. "सरळ गेलं तर मधे मऊ वाळू लागते. वरून दिसायला अगदी अशीच. पण पाय ठेवला की गुडघा आत, ओढायला गेलं की कंबर आत. ट्रॅक्टर गेला तर परत दिसायचा नाही. म्हणून वाट तिला वळसा घालते. आमचं सगळं येणंजाणं ओहोटीला, या काठ्यांच्या कडेनं."

"आणि धुकं आलं तर?" ताईनं विचारलं.

"एका काठीपाशी गेलं की पुढची दिसते. तेवढीच बघायची. काठी म्हणेल तिकडे जायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. धुक्यात सगळ्या दिशा सारख्याच." काकूंनी उरलेला चहा वाळूत ओतला. "उद्या संध्याकाळी माझ्या छकुलीला घरी न्यायचंय. झाडावरून पडून पाय मोडून घेतलाय बाईसाहेबांनी. महिनाभर दवाखान्यात आहे. प्लॅस्टर आहे अजून, पण उद्या सोडतायत. घरी जायचं म्हणून आजच वेण्या घालून बसलीय!"

मग त्यांनी मुलांना ट्रॉलीत बसवून पहिल्या वळणापर्यंत नेलं. तिथवर वाळू रस्त्यासारखी घट्ट होती. "इथून चाकांच्या खुणांवरून सरळ मागे जा. इकडेतिकडे एक पाऊल नाही!" असं बजावून त्या पुढे गेल्या. सामान उतरवून पाणी फिरायच्या आत त्यांना परत यायचं होतं, रात्री दवाखान्यात छकुलीजवळ राहायला. ट्रॅक्टरचा टकटक आवाज लहान होत होत आकाशातच विरून गेला.

परतताना गोगल्या अर्थातच मागे राहिला. प्रत्येक काठीला हात लावत तो चालला होता. काठ्यांवर खडबडीत पांढऱ्या शंखांचा थर चढला होता, खडकांवर असतो तसा. वळणाजवळच्या काठीवर तो थर त्याच्या डोक्याच्याही वर गेला होता. पुढच्या काठीवर कपाळापर्यंत, त्याच्या पुढच्या काठीवर नाकापर्यंत, मग हनुवटीपर्यंत.

"ताई, बघ ना! किनारा जवळ आला की शंख खाली खाली येतात."

"येत नाहीत, वाळू वर चढत जाते," ताई म्हणाली. "भरतीचं पाणी सगळीकडे एकाच पातळीवर असतं ना! जिथवर पाणी, तिथवर शंख."

म्हणजे पाण्यानं सगळ्या काठ्यांवर एक ओळ आखली होती! गोगल्याला ते इतकं आवडलं, की तो ती ओळ बघत बघत उलटा चालायला लागला आणि डबक्यात बसला.

टेकाडावर आणखी एक तंबू होता. दोन फोटोवाल्यांचा. कुठल्याशा सहलीच्या कंपनीच्या कॅलेंडरसाठी ते फोटो काढत होते. एकाच्या डोक्यावर पांढरी टोपी, दुसऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य मावळला तरी काळा चष्मा. फटाकडीनं लगेच त्यांचं बारसं करून टाकलं: पांढरी टोपी आणि काळा चष्मा.

"एवढी सुंदर खाडी," पांढरी टोपी खाडीकडे बघत कण्हला, "आणि मधे या दात कोरायच्या काड्या! सगळ्या फोटोचा सत्यानाश!"

त्या रात्री गोगल्या गाडीतच झोपला. पहाटे केव्हातरी त्याला अर्धवट जाग आली. काचेवर दव साचलं होतं. त्यानं तळहातानं एक गोल पुसला आणि त्यातून बाहेर बघितलं.

खाडी पुन्हा रिकामी होती. आकाश गुलाबी, वाळूही गुलाबी, आणि मधली रेघ कुणीतरी पुसून टाकल्यासारखी नाहीशी झालेली. ते छोटं बेट हवेतच तरंगत होतं. सगळं कसं कोरं होतं! मधोमध बगळ्यांसारखं काहीतरी वाकत होतं, सरळ होत होतं, पुन्हा वाकत होतं. आणि काठ्या? किनाऱ्याजवळच्या चार-पाच दिसत होत्या. पुढे एकही नव्हती.

'छान स्वप्न आहे,' गोगल्यानं मनात म्हटलं आणि कूस बदलली.

"पहाटे काठ्या नव्हत्या," नाश्त्याला त्यानं सांगितलं. पावाचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

"चालत गेल्या असतील!" फटाकडी म्हणाली. "आंघोळीला!"

"मला वाटतं, खरंच नव्हत्या. पण असतीलही."

"गोगल्या, परवा तू म्हणालास की गोटे तुझ्याशी बोलले," ताई म्हणाली.

"ते बोललेच होते."

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. गोगल्यानं पावाचा तुकडा शेवटी तोंडात टाकला. त्यालाही स्वतःची खात्री नव्हतीच. त्याच्या डोक्यात स्वप्नं आणि खऱ्या गोष्टी एकाच कपाटात ठेवलेल्या असायच्या, आणि कपाट उघडलं की कुठली कुठली हे त्यालाही कळायचं नाही.

दुपारी भरती आली. खाडी काठोकाठ भरली आणि पाण्यावर नुसती काठ्यांची टोकं राहिली. सगळे उन्हात लोळत होते. गोगल्या पालथा पडून टोकांकडे बघत होता.

"ताई, रांग सरळ आहे."

"हं."

"काल वाकडी होती."

ताईनं पुस्तकातून डोकं वर काढलं. डोळे बारीक करून तिनं बराच वेळ बघितलं. "काल पाणी नव्हतं. नुसती टोकं बघितली की वेगळं दिसत असेल."

"असेल," गोगल्या म्हणाला. पण त्याचे डोळे टोकांवरून हटले नाहीत. संध्याकाळी छकुली या वाटेनं जाणार होती.

इतक्यात फटाकडी धावत आली. ती बातम्या आणायला गेली की रिकाम्या हातानं यायची नाही.

"पांढऱ्या टोपीची विजार बघितली का? दोरीवर वाळत घातलीय. मांडीपर्यंत काळा चिखल! मी विचारलं, काका, खेकडे पकडायला गेला होतात? तर म्हणतो कसा, छे, आम्ही आठ वाजेपर्यंत झोपलो होतो! आणि त्याची नखं बघ. गाडी दुरुस्त करताना आमच्या बाबांचीसुद्धा इतकी काळी होत नाहीत!"

ताईनं पुस्तक मिटलं. "भरती सकाळीच चढायला लागली होती. आठनंतर खाडीत चिखल कुठला? पाणीच पाणी होतं!"

फटाकडीनं परत दोरीवरच्या विजारीकडे बघितलं.

"मग बगळे," गोगल्या हळूच म्हणाला, "बगळे नव्हते ते."

मामा गाडीखाली आडवा होता. गाडी दुरुस्त करतोय असं त्याचं म्हणणं, पण घोरण्याचा आवाज वेगळंच सांगत होता. म्हणून मुलं मामीकडे गेली. मामी बटाटे सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसली नाही.

"आधी त्या काकूंना गाठून सांगू," ती म्हणाली.

पण उतारावर ट्रॅक्टर एकटाच उभा होता. काकू छकुलीला आणायला गावात गेल्या होत्या. पाणी भराभर मागे सरत होतं. एकेक काठी वाळूतून उगवल्यासारखी वर येत होती.

"पहिल्या वळणापर्यंत वाळू पक्की आहे असं त्याच म्हणाल्या ना? तिथवर जाऊन बघू. खोटं निघालं तर बटाटे तुम्ही सोलायचे!"

ताईनं तंबूची दोरी काढली आणि सगळ्यांच्या कमरेला बांधली. पुढे मामी, मागे ताई.

ओली वाळू पायाखाली गार लागत होती. खाली प्रत्येकाचं उलटं चित्र चालत होतं. पहिली काठी, दुसरी, तिसरी... चौथीवर शंख गोगल्याच्या कपाळापर्यंत. पाचवीवर डोक्याच्या वर. इथेच कालचं वळण होतं.

आज वळण नव्हतं. पुढची काठी नाकासमोर उभी होती, तिच्यापुढची तिच्यामागे, सगळ्या अगदी शाळेच्या कवायतीसारख्या!

"कोणी पुढे जायचं नाही!" मामी एकदम म्हणाली.

गोगल्यानं दोरी ताणून मान पुढे काढली. पुढच्या काठीवर शंखांचा थर त्याच्या छातीपर्यंतच होता. तिच्यापुढच्या काठीवर माणसाच्या दुप्पट उंच. त्यापुढची परत बुटकी. पाण्यानं आखलेली ओळ एखाद्या म्हाताऱ्याच्या दातांसारखी वरखाली झाली होती.

"आणि खाली बघ," ताई कुजबुजली. काठीचा बुंधा हातभर काळा, गुळगुळीत, स्वच्छ होता. वर्षानुवर्षं वाळूत पुरलेला भाग आता उघड्यावर आला होता.

"उपटल्या आणि परत रोवल्या!" फटाकडी ओरडली. "नीट खोलसुद्धा नाही!"

तेवढ्यात सगळ्यांना गार वाटलं. समुद्राकडून धुकं येत होतं. आधी पलीकडचं छोटं बेट गेलं, मग आकाश गेलं, मग मागचा किनाराही. कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी ती चौघं त्या काठीपाशी उभी राहिली. जगात फक्त ती, पाचवी काठी, आणि समोर अंधूक दिसणारी सहावी काठी. चुकीची.

आणि मग मागून, कुठून ते कळेना, आवाज आला. टक टक टक टक.

"ट्रॅक्टर!"

"काकू! थांबा!" सगळी ओरडली. ताईनं शिट्टी फुंकली. धुकं आवाज गिळून टाकत होतं. टकटक वाढत गेली आणि एकाएकी धुक्यातून दोन पिवळे दिवे बाहेर आले. मामीनं दोन्ही हात पसरले. करकचून ब्रेक लागला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" काकू वरून ओरडल्या. "धुक्यात पोरं घेऊन इथे? चढा ट्रॉलीत पटकन! पाणी फिरायच्या आत मला पलीकडे पोचायचंय!"

ट्रॉलीत गादीवर छकुली बसली होती. दोन वेण्या, पांढरा जाडजूड पाय समोर ताणलेला. "आई, चल ना! बाबा वाट बघत असतील!"

"काठ्या हलवल्यात कोणीतरी," मामी म्हणाली.

"काठ्या? अहो बाई, लग्न होऊन आल्यापासून या वाटेनं जातेय मी. ती बघा पुढची काठी. चढा!"

काकूंनी गिअर टाकला. मामीनं ताईकडे बघितलं, ताईनं गोगल्याकडे. गोगल्याच्या जिभेवर नेहमीचे शब्द आले: मला वाटतं. पण असेलही. त्याला कळलं, की ते शब्द बाहेर पडले तर काकू हसतील, ट्रॅक्टर पुढे जाईल, आणि टकटक थोडा वेळ ऐकू येईल. मग येणार नाही.

"काकू, ती काठी तिथली नाही!" तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मला माहीत आहे. मी बघितलंय. पहाटे ती तिथे नव्हती. हात लावून बघा. या पाचव्या काठीवर शंख कुठवर आहेत आणि तिच्यावर कुठवर? पाणी इथे उंच आणि दोन पावलांवर बुटकं असेल का?"

काकूंनी गिअर काढला. त्या खाली उतरल्या. पाचव्या काठीवरून त्यांनी वरपासून हात फिरवला. मग दिव्यांच्या उजेडात सहावीकडे बघितलं. तिचा काळा बुंधा, तिचे छातीपर्यंतचे शंख.

"ही तर माझी पलीकडची शेवटची," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझ्या दारातली. ही इथे कशी?"

त्यांनी ट्रॅक्टरच्या खालून लोखंडी पहार काढली. एक हात पाचव्या काठीला धरून त्यांनी ती पुढे वाळूवर नुसती टेकवली. दाब न देता पहार आत गेली. जात राहिली. शेवटी त्यांच्या मुठीखाली काही उरलं नाही.

काकूंनी पहार ओढून काढली, तशी वाळू हळूच मिटली आणि वर पुन्हा काही झालंच नाही अशी दिसू लागली. मग काकू वळल्या आणि ट्रॉलीत चढून त्यांनी छकुलीच्या दोन्ही वेण्या हातात धरल्या. बराच वेळ धरून ठेवल्या.

"म्हणजे आज घरी नाही?" छकुलीनं विचारलं.

"उद्या," काकू म्हणाल्या.

"उद्या उद्या! रोज उद्याच!" छकुली रडायला लागली, आणि गोगल्याला आपणच काहीतरी वाईट केल्यासारखं वाटलं.

काकूंनी हॉर्न वाजवला, तीनदा, लांब लांब. सगळे कान देऊन उभे राहिले. धुक्याच्या पार पलीकडून, खूप उशिरानं, कोणीतरी पत्र्याचा डबा बडवला. ठण, ठण, ठण.

"बाबा!" छकुली रडता रडता थांबली.

"येत नाही आज, असं सांगितलं त्यांना," काकू म्हणाल्या. मग आपल्याच चाकांच्या खुणा बघत त्यांनी ट्रॅक्टर मागे वळवला.

टेकाडावर पांढरी टोपी आणि काळा चष्मा खुर्च्या टाकून कॉफी पीत होते.

"काठ्या? आम्ही?" पांढरी टोपी म्हणाला. "आम्ही कशाला हात लावू? आम्ही कलावंत माणसं!"

"मुलांना काहीही सुचतं," काळा चष्मा म्हणाला. मामाही आता जागा होऊन आला होता. तो रागानं पुढे सरसावला, पण फटाकडीनं त्याचा शर्ट धरून मागे ओढला. तिच्या चेहऱ्यावर इतका गोडवा पसरला होता की ताईला भीतीच वाटली.

"बाबा, असं काय करतोस? काका किती मोठे फोटोग्राफर आहेत! काका, तुम्ही सूर्योदयाचे फोटो काढता ना? आमची ताई म्हणते, इथे चांगला फोटो येणंच शक्य नाही. या काठ्या कुठूनही मधे येतात."

"असं म्हणते ताई?" पांढरी टोपी दुखावला.

"हो," ताई लगेच म्हणाली. "कितीही हुशार फोटोग्राफर असला तरी!"

"हा बघ मग!" पांढऱ्या टोपीनं कॅमेरा पुढे केला. "आज पहाटेचा! आहे एक तरी काठी?"

पडद्यावर गुलाबी आकाश होतं, गुलाबी वाळू होती, तरंगणारं छोटं बेट होतं. काठी नव्हती.

"हेच!" गोगल्या ओरडला. "हेच माझं स्वप्न!"

काळ्या चष्म्यानं कपाळावर हात मारला. पांढऱ्या टोपीच्या उशिरा लक्षात आलं, पण आता कॅमेरा काकूंच्या हातात होता.

"अहो, पण परत लावल्या ना!" तो गडबडीनं म्हणाला. "एक मोडली तेवढी सोडून सगळ्या! उलट आधी कशाही खुपसलेल्या होत्या, वेड्यावाकड्या. मधे मांडीपर्यंत रुतलो, एकमेकांना ओढून काढलं, तरी दोरी धरून एका रेषेत केल्या. आधीपेक्षा किती छान दिसतात!"

तो खरंच मनापासून म्हणत होता. आपण चांगलंच काम केलं असं त्याला वाटत होतं. काकूंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ट्रॉलीपाशी नेलं. छकुली गादीवर झोपली होती, गालांवर रडल्याच्या रेघा, पांढरा पाय पांघरुणाबाहेर.

"दोरीची ती रेषा मऊ वाळूवरून जाते," काकू म्हणाल्या. "हिला घेऊन मी त्या रेषेवरून निघाले होते. ही पोरं आडवी आली नसती तर..."

पांढऱ्या टोपीनं टोपी काढली. त्याचं डोकं टकलं होतं आणि टोपीशिवाय तो एकदम कोणाचा तरी साधा काका दिसायला लागला.

"काय करू सांगा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाणी पुन्हा मागे सरलं, तेव्हा सगळे खाडीत होते. काकू पुढे पहारीनं वाळू चाचपत होत्या. फोटोत जुन्या भोकांची डबकी दिसत होती, एखाद्या वळणदार माळेतल्या मण्यांसारखी. गोगल्या कॅमेरा धरून ती मोजत, दाखवत चालला होता. दोन्ही फोटोवाले आणि मामा खांद्यावर काठ्या वाहत होते. काळ्या चष्म्याचा चष्मा चिखलानं इतका बरबटला होता की त्यानं तो शेवटी खिशात टाकला.

"वाकडी लावा, वाकडी!" फटाकडी हुकूम सोडत होती. "अजून वाकडी! तुम्हाला सवय नाही, मला माहीत आहे!"

छकुली मामीबरोबर ट्रॉलीत बसून सगळं बघत होती. आणि मग तिनंच पहिल्यांदा बघितलं. पलीकडच्या बेटाकडून एक ठिपका निघाला होता. तो वाळूत उलटाही दिसत होता, म्हणून दोन ठिपके. पहार टेकवत, थांबत, वळसा घेत ते मोठे होत गेले, आणि त्यांचा एक माणूस झाला. छकुलीनं इतक्या जोरात "बाबा!" म्हणून हाक मारली की दोन खरे बगळे उडाले.

तिच्या बाबांनी तिला प्लॅस्टरसकट उचलून घेतलं. ते फारसे बोलणारे नव्हते. काकूंनी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी ताईच्या आणि फटाकडीच्या डोक्यावर हात ठेवला, मग गोगल्यापुढे येऊन थांबले.

"तू बघितलंस?"

"हो," गोगल्या म्हणाला.

"आणि सगळे हसले तरी परत सांगितलंस?"

"हो."

त्यांनी नुसती मान हलवली, पण मोठ्या माणसांसमोर हलवतात तशी.

"मीही हसलो होतो," मामा म्हणाला. "चुकलंच माझं. यापुढे तुला आकाशात मासे दिसले तरी मी आधी वर बघणार!"

"आणि मी बटाटे सोलणार," मामी म्हणाली. "सगळ्यांच्या वाटचे!"

फोटोवाल्यांनी उपटताना एक काठी मोडली होती. तिच्या जागी काकूंनी नवी आणली होती, ताजी सोललेली, पांढरीफटक. ती त्यांनी गोगल्याच्या हातात दिली. "ही तू रोव. वळणानंतरची पहिलीच आहे. ही चुकली तर सगळंच चुकतं."

गोगल्यानं ती दोन्ही हातांनी धरली. बाबांनी बुडाशी पाणी ओतलं, मामानं वरून दाबली, आणि काठी हलत हलत, हळूहळू, खोल खाली गेली आणि घट्ट बसली.

मग ट्रॅक्टर सुरू झाला. छकुली बाबांच्या मांडीवर बसून हात हलवत होती. पाचव्या काठीपाशी ट्रॅक्टर उजवीकडे वळला, गोगल्याच्या काठीला अगदी जवळून वळसा घालून गेला आणि उलट्या आकाशातून वाकडातिकडा चालत चालत घराकडे निघाला.

"आता यावर पण शंख चढतील?" फटाकडीनं विचारलं.

"चढतील," ताई म्हणाली. "वेळ लागेल."

गोगल्यानं काठीवरून हात फिरवला. ती अजून अगदी गुळगुळीत होती.